सीएसआर जास्त तर नफा जास्त? कोरिलेशन ०.९४ आलंय आणि आमचे मालक हसतायत

मृणाल_भोसरी

नमस्कार मंडळी. दिवसा भोसरीत एका छोट्या युनिटचे अकाउंट्स बघते, रात्री एम.कॉम. पार्ट टूचा प्रोजेक्ट. विषय सरांनीच दिलाय: पर्यावरण लेखांकन, सामाजिक उत्तरदायित्व आणि कंपन्यांची नफाक्षमता. ऐकायला भारी, करायला घेतलं की हातात काहीच लागत नाही असा.

मी ४० लिस्टेड कंपन्या घेतल्या, २०१८-१९ ते २०२२-२३. वार्षिक अहवालातून सीएसआरचा (सामाजिक उत्तरदायित्वाचा) खर्च एका कॉलममध्ये, करोत्तर नफा दुसऱ्या कॉलममध्ये. एक्सेलने कोरिलेशन (दोन आकडे किती सोबत हलतात त्याचं माप, १ म्हणजे पूर्ण सोबत) दिलं ०.९४. सर खूश. म्हणाले, "सकारात्मक आणि लक्षणीय संबंध, असं लिहून टाक."

काल चहाच्या वेळी मालकांना कौतुकाने सांगायला गेले. ते म्हणाले, "म्हणजे मी अजून पाच लाख वाटले की माझा नफा वाढणार? दे लिहून, सही करतो." सगळे हसले. मीही हसले, पण घरी येईपर्यंत तेच डोक्यात. कारण मला उत्तर देता आलं नाही.

दुसरी अडचण पर्यावरणाच्या खर्चाची. एका कंपनीत ईटीपीचा (सांडपाणी साफ करायच्या यंत्रणेचा) खर्च वेगळा दाखवलाय, दुसरीत तो 'पॉवर अँड फ्युएल'मध्ये, तिसरीत 'इतर खर्च'मध्ये गडप. मग बेरीज कसली करायची? आणि सीएसआर आणि पर्यावरण एकाच तक्त्यात घालणं बरोबर आहे का? सरांच्या मते दोन्ही 'समाजासाठीचा खर्च'. कोणी प्रत्यक्ष हे काम केलेलं असेल तर प्लीज लिहा. पुस्तकातल्या व्याख्या नकोत, त्या माझ्याकडे ढीगभर आहेत.

बिनपाण्याचा_हौद

सीएसआर म्हणजे वृक्षारोपणाचा फोटो. दर वर्षी नवा साहेब, खड्डा तोच. बाकी चालू द्या, वाचतोय.

जुना_कॉस्टिंगवाला

मृणाल, तुमच्या मालकांचा प्रश्न तुमच्या सरांच्या शेऱ्यापेक्षा चांगला आहे. त्यांना एक चहा माझ्याकडून.

मी २६ वर्षं कॉस्टिंग केलं, त्यातली शेवटची १४ एका फॅब्रिकेशन कंपनीत, जिचं स्वतःचं प्लेटिंग शॉप होतं, म्हणजे धातूच्या नगांवर मुलामा चढवायचा. निकेल आणि क्रोम. आता घरी बसून नातवाचा गृहपाठ घेतो, त्यामुळे लांब लिहायला वेळ आहे.

आधी ०.९४ चं बघू. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ५०० कोटी नक्त मूल्य किंवा १,००० कोटी उलाढाल किंवा ५ कोटी नक्त नफा, यातलं काहीही एक असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचेच. १ एप्रिल २०१४ पासून हे लागू आहे. म्हणजे तुमच्या एका कॉलममध्ये नफा आहे आणि दुसऱ्यात जवळजवळ नफ्याचेच २ टक्के. मुलाची उंची सेंटिमीटरमध्ये आणि इंचात मोजून दोन्हींचा संबंध काढल्यासारखं झालं हे. तुम्हाला सापडलाय तो कलम १३५ चा मजकूर. उलट ०.९४ च का, १ का नाही, तेवढंच विचारण्यासारखं आहे.

गंमत पुढे आहे. कोणी शहाणा सांगेल की रुपये नको, 'सीएसआर भागिले चालू वर्षाचा नफा' असं गुणोत्तर घे. घेऊन बघा, मग संबंध उलटा येईल. कारण २ टक्के मागच्या तीन वर्षांवर ठरतात. ज्या वर्षी धंदा बसला त्या वर्षी नफा खाली येतो, सीएसआर मात्र जुन्या चांगल्या दिवसांच्या हिशेबाने द्यावाच लागतो. २०२०-२१ ची तुमची ओळ उघडून बघा, लॉकडाउनमध्ये मार खाल्लेल्या कंपन्यांचं गुणोत्तर फुगलेलं दिसेल. मग कोणी लिहील, 'सीएसआरमुळे नफा घटतो'. तेही तितकंच खरं, म्हणजे अजिबात नाही.

आता पर्यावरणाचा खर्च. इथे माझा जीव अडकलाय, म्हणून सविस्तर सांगतो.

आमच्या वहीत 'ईटीपी खर्च' असं एक खातं होतं. चुना, कॉस्टिक, सोडियम मेटाबायसल्फाइट, वीज, दोन ऑपरेटरांचा पगार आणि फिल्टर प्रेसमधून निघणारा स्लज (गाळ) घातक कचऱ्याच्या साइटवर पाठवायचा खर्च. वर्षाला साधारण ९ लाख. २०१४-१५ ला आमच्या कंपनीला पहिल्यांदा सीएसआर लागला, तोही योगायोगाने ९ लाखांच्या आसपास. एमडी मीटिंगमध्ये म्हणाले, "१८ लाख समाजाला देतो आपण, आणि बदल्यात मिळतं काय?" टाळ्या नाही वाजल्या, पण माना डोलल्या.

मला त्या आधीच्या वर्षीच एक किडा चावला होता. स्टोअरमधून निकेल किती गेलं हे मला माहीत होतं, अ‍ॅनोड आणि सॉल्ट दोन्ही मिळून. जॉबवर किती बसलं ते कोणीच काढत नव्हतं. ते काढणं काही अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मायक्रॉन थर म्हणजे ८.९ ग्रॅम निकेल. आमचा थर १० मायक्रॉन, म्हणजे ८९ ग्रॅम. वर्षभरात प्लेट केलेलं क्षेत्रफळ ड्रॉइंगवरून काढलं, २४ हजार चौरस मीटर. गुणाकार करा, २,१३६ किलो. स्टोअरमधून गेलेलं निकेल २,५६० किलोच्या घरात (सॉल्टमधलं धातूचं वजन धरून, बाथमधला, म्हणजे टाकीतल्या निकेलच्या द्रावणातला चढउतार वजा करून, आकडे गोल केलेत). सव्वाचारशे किलो गेलं कुठे?

चोरी, असं स्टोअरकीपरला वाटलं. तो बिचारा आठ दिवस माझ्याशी बोलला नाही.

चोरी नव्हती. शॉपमधल्या फोरमनला मी ते कागद दाखवले. त्यांनी काही न बोलता एक प्लास्टिकचा मग घेतला, बाथमधून वर आलेल्या जिगखाली (नग अडकवायच्या चौकटीखाली) धरला आणि मला म्हणाले, "घड्याळ लावा." दहा सेकंदांत मगाच्या तळाशी हिरवं पाणी जमलं. आमचा एक ब्रॅकेट होता, त्याला मधे वाटीसारखा खळगा. तो जिगवर असा अडकवलेला की वाटीचं तोंड वर. प्रत्येक नग चमचाभर बाथ घेऊन रिन्सच्या, म्हणजे धुण्याच्या टाकीत जायचा. शिफ्टला हजारो नग. रिन्सचं पाणी ईटीपीत, ईटीपीतून निकेल स्लजमध्ये, आणि स्लज ट्रकमध्ये.

प्लेटिंगवाले याला ड्रॅग-आउट म्हणतात. आमच्या बाथमध्ये लिटरला सुमारे ७० ग्रॅम निकेल. वर्षाचे ४२० किलो, दिवस ३००. म्हणजे रोज २० लिटर बाथ. एक भरलेला कॅन रोज उचलून ईटीपीकडे ओतायचा, आणि वर तो साफ करायला माणूस ठेवायचा.

आता मला सांगा, यातला पर्यावरणाचा खर्च किती? वहीप्रमाणे ९ लाख. पण निकेल तेव्हा किलोला हजाराच्या आसपास होतं, म्हणजे सव्वाचार लाखांचं निकेल 'कच्चा माल' या खात्यात सभ्य माणसासारखं बसलेलं होतं. ते कोणाच्याच नजरेला टोचत नव्हतं. त्या निकेलसाठी आपण तीनदा पैसे मोजतो: विकत घेताना, पाण्यातून काढताना आणि टाकून देताना. पहिल्या वेळचे पैसे सगळ्यात जास्त, आणि तेच पर्यावरणाच्या खात्यात कधी दिसत नाहीत. क्रोमिकचं तर विचारूच नका. तिथे जॉबवर बसतं त्याहून जास्त पाण्यात जातं.

उपाय काय केला? हसाल. दोन टाक्यांच्या मधल्या फटीत उतरती पीव्हीसी शीट, म्हणजे थेंब परत बाथमध्ये. वाटीवाल्या ब्रॅकेटच्या जिगचा हूक वाकवून नग तिरका. बाथच्या पुढे एक साधी, वाहतं पाणी नसलेली टाकी, तिच्यातलं हिरवट पाणी रोज सकाळी परत बाथमध्ये. निकेलचा बाथ ५५-६० अंशाला चालतो, पाणी उडतंच, टॉप-अप करावंच लागतं. आणि जिग वर आली की दहा सेकंद जास्त थांबायचं.

शीट आणि वेल्डिंगचे मिळून १८ हजार. खरी भांडणं झाली त्या दहा सेकंदांवरून. सुपरवायझरचा इन्सेंटिव्ह शिफ्टला किती जिग निघाल्या त्यावर. दहा सेकंद म्हणजे त्याच्या खिशातले पैसे. तीन महिने तो मी दिसलो की थांबायचा आणि पाठ वळली की जिग पळवायचा. शेवटी इन्सेंटिव्हच्या सूत्रात निकेलचा वापर घातला, तेव्हा त्याच माणसाने स्वतःहून जिगवर टॅप मारून थेंब झटकायची पद्धत काढली.

पुढच्या वर्षी हरवलेलं निकेल १९० किलोवर आलं. स्लज ११ टनांवरून ८ च्या आत. सगळं धरून तीनेक लाख वाचले. ईटीपीच्या खात्यात मात्र फक्त सत्तरेक हजारांची घट दिसली, बाकी सगळं श्रेय 'कच्चा माल' खात्याला. एमडींना ताळेबंदातून हे कधीच कळलं नसतं.

तर माझं म्हणणं एवढंच. पर्यावरण लेखांकन म्हणजे ईटीपीच्या बिलांची बेरीज नाही. विकत घेतलेला माल आणि विकलेला माल यांच्या मधे काय गळलं, ते रुपयांत मांडणं. ते मांडलं तर नफ्याशी संबंध आहे, आणि तो डोळ्यांना दिसतो. सीएसआरची वही वेगळी. नफा झाल्यावर उघडते ती.

एक कबुली देतो, नाहीतर मी सगळं गुलाबी रंगवल्यासारखं होईल. चार वर्षांनी आम्हाला पाणी गाळायचा आरओ आणि उरलेलं आटवायचा इव्हॅपोरेटर बसवावा लागला, सांडपाणी बाहेर सोडायचंच नाही म्हणून. त्यातून एक रुपया परत आला नाही. वीज नुसती गिळतो तो. पीव्हीसीची शीट नफा देते, इव्हॅपोरेटर देत नाही. दोघांना एकत्र करून 'पर्यावरणाचा खर्च' असा एक आकडा काढलात तर सरासरीत दोन्ही गोष्टी मरतात.

नरेन_सीए

काका, सव्वाचारशे किलोचा हिशेब वाचून माझ्या आर्टिकलशिपचे (सीएच्या उमेदवारीचे) दिवस आठवले. स्टॉक ऑडिटला 'प्रोसेस लॉस, नॉर्मल' असं लिहून पुढे जायचो आम्ही. नॉर्मल कोणी ठरवलं हे कधी विचारलं नाही.

मृणाल, कायद्याच्या बाजूने थोडं.

दोन्ही खर्च एका तक्त्यात घालू नकोस, कारण कायदाच त्यांना एकत्र बसू देत नाही. ईटीपी चालवणं हा कायद्याने करावाच लागणारा खर्च, तो सीएसआर म्हणून दाखवता येत नाही. धंद्याच्या नेहमीच्या कामकाजाचा खर्चही तसा दाखवता येत नाही, फक्त स्वतःच्या कामगारांसाठी केलेलाही नाही.

करात फरक मोठा आहे. ईटीपीचा खर्च हा धंद्याचा खर्च, वजावट मिळते. सीएसआरची मिळत नाही. २०१४ च्या वित्त कायद्याने १९६१ च्या आयकर कायद्यातल्या कलम ३७ ला स्पष्टीकरण जोडून ते दार बंद केलं (देणगीच्या वजावटीची, ८०जी ची, फट होती, तिच्यावर ट्रिब्युनलांमध्ये भांडणं झालीत, तिकडे तू जाऊ नकोस). काकांचे दोन नऊ-नऊ लाख घे आणि आजचा २५.१७ टक्के दर लाव. ईटीपीचे ९ लाख कंपनीला कर वाचल्यावर ६ लाख ७३ हजारांना पडतात, सीएसआरचे ९ लाख ९ लाखांनाच. शिवाय १ ऑक्टोबर २०२३ पासून सीएसआरसाठी घेतलेल्या मालावरचं जीएसटी क्रेडिटही गेलं. एमडींनी दोन्ही जोडून १८ केले तिथेच हिशेब चुकला.

अजून एक. तू करोत्तर नफा घेतलास. कायद्यातले २ टक्के कलम १९८ प्रमाणे काढलेल्या करपूर्व नफ्यावर असतात. तुझं ०.९४ का, १ का नाही, याचं एक उत्तर हे. दुसरं म्हणजे जास्त खर्च पुढच्या तीन वर्षांत वळता करता येतो, आणि चालू प्रकल्पाचे न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात ठेवून तीन वर्षांत वापरता येतात.

सीएसआरचा नफ्यावर खरंच काय परिणाम होतो हे बघायचं असेल तर कायदा आला तो क्षण पकडावा लागतो. मंछिराजू आणि राजगोपाल यांनी तेच केलं, २०१७ चा पेपर आहे. कलमाच्या उंबरठ्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या कंपन्या तुलनेला घेतल्या. ज्यांच्यावर सक्ती आली त्यांच्या शेअरची किंमत सरासरी ४.१ टक्के पडली. याचा अर्थ सीएसआर वाईट असा काढू नकोस. ज्याला त्यातून फायदा दिसत होता तो सक्तीआधीच करत होता, एवढा अर्थ पुरे. धर्मपाल आणि खन्ना यांना असंही दिसलं की आधी २ टक्क्यांहून जास्त देणाऱ्या मोठ्या कंपन्या कायद्यानंतर हात आखडून २ टक्क्यांकडे सरकल्या. किमान म्हणून ठेवलेला आकडा कमाल झाला.

परदेशातल्या जुन्या अभ्यासांत 'चांगल्या कंपन्या जास्त कमावतात' असं सापडतं ना, त्याला मॅकविल्यम्स आणि सीगल यांनी २०००मध्ये साधा प्रश्न विचारला: कंपनीचा स्वतःच्या संशोधनावरचा (आर अँड डी) खर्च धरलात का? तो धरल्यावर सीएसआरचा परिणाम शून्यावर आला.

खाडीकाठ

सगळं वाचलं. काकांचं लिखाण आवडलं, राग नाही. पण एक खातं राहिलं.

आमचं गाव कारखान्यांच्या खालच्या अंगाला, खाडीवर. नावं घेत नाही, कोणाला ओळखू आलं तर येऊ दे. आमच्या शाळेत बाकं आहेत, प्रत्येक बाकाच्या पाठीवर कंपनीचं बोधचिन्ह. बाकं चांगली आहेत, मुलगा त्यावरच बसतो. आणि पावसाळ्यात पहिल्या मोठ्या सरीला, रात्री, पऱ्ह्याचं (ओढ्याचं) पाणी विटकरी होतं. सकाळी कालवं काढायला गेलेल्या बाया हात खाजवत परत येतात. माझे वडील खाडीत पाग (मासे धरायचं फेकजाळं) टाकायचे, मी टाकत नाही. टाकून मिळत नाही.

बाकांचा खर्च वार्षिक अहवालात रंगीत पानावर आहे. पागाचा खर्च कुठल्या खात्यात आहे, मृणालताई? तुमच्या ४० कंपन्यांत एखादी असेल जिने तो लिहिलाय, तर मला वाचायचाय.

नरेन_सीए

@खाडीकाठ, वैधानिक वहीत तो कुठेच येत नाही. दंड झाला, भरपाईचा आदेश आला, किंवा जागा मूळ स्थितीत आणायची जबाबदारी कायद्याने डोक्यावर बसली, तर तरतूद करावी लागते. तोपर्यंत वहीच्या दृष्टीने तुमच्या वडिलांचा पाग अस्तित्वात नाही. मला हे लिहिताना बरं वाटत नाहीये.

एका कंपनीने लिहिलं होतं, पण स्वखुशीने आणि मुख्य ताळेबंदाच्या बाहेर. जर्मनीची प्यूमा, बूट बनवणारी. २०११मध्ये तिने 'पर्यावरणीय नफातोटा' प्रसिद्ध केला, २०१० सालचा. पाणी, हवा, जमीन, कचरा यांच्या नुकसानीला किंमत लावली आणि बेरीज आली १४.५ कोटी युरो. त्या वर्षीचा तिचा निव्वळ नफा सुमारे २० कोटी युरो होता. त्यातली खरी मेख अशी की १४.५ कोटींपैकी तिच्या स्वतःच्या ऑफिस-दुकानं-गोदामांचा वाटा जेमतेम ६ टक्के. बाकी सगळं पुरवठादारांकडचं, आणि निम्म्याहून जास्त तर अगदी टोकाला: कातड्यासाठी गुरं, कापसाचं शेत, रबर.

म्हणजे बूट विकणाऱ्याची वही स्वच्छ, आणि डाग कुठल्या तरी दुसऱ्या देशातल्या पऱ्ह्यात.

ओसाकाचा_बंडू

जुना_कॉस्टिंगवाला काका, तुम्ही जे मग धरून केलंत त्याला इथे जपानात रीतसर नाव आहे, मटेरियल फ्लो कॉस्ट अकाउंटिंग, आणि आयएसओ क्रमांकही: १४०५१, साल २०११. कल्पना मूळ जर्मनीतली, पण कारखान्यांत रुजवली इथे, २००० पासून. मी ज्या लाइनवर काम करतो तिथे महिन्याचा हिशेब दोन 'मालां'चा होतो, एक विकायचा आणि दुसरा टाकायचा. टाकायच्या मालावरही कच्चा माल, वीज, मजुरी, सगळं चढवतात. कचऱ्याच्या पिंपावर त्याची उत्पादन किंमत लिहिलेली असते. पहिल्या महिन्यात मला वाटलं चुकून लावलंय लेबल.

इथलेही साहेब दहा सेकंदांवरून भांडतात, फक्त वाकून.

मृणाल_भोसरी

बाप रे. दोन दिवस ऑफिसात जीएसटीची गडबड होती, आता सगळं एकदम वाचलं. खाडीकाठ, माझ्या ४० मध्ये एकही नाही. खात्री करून सांगतेय, काल रात्री परत चाळले.

काका, तुमचं पटलं, पण माझ्याकडे प्लेटिंग शॉप नाही आणि प्रोजेक्ट ३० तारखेला द्यायचाय. वार्षिक अहवालांतून गळतीचा अंदाज येईल असं काही मिळतं का? आणि सरांना काय सांगू?

जुना_कॉस्टिंगवाला

सरांना कलम १३५ समोर ठेवून विचारा, "सर, हा माझा निष्कर्ष आहे की माझं सूत्र?" भला माणूस असेल तर तोच हसेल. ०.९४ काढून टाकू नका. एक पान त्यालाच द्या, तो का फसवतो ते लिहा. तेवढ्याने प्रोजेक्ट बाकीच्या वीस जणांपेक्षा वेगळा होईल.

आकड्यांसाठी: २०२२-२३ पासून पहिल्या हजार लिस्टेड कंपन्यांना सेबीने बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता) अहवाल सक्तीचा केलाय. त्यातलं सहावं तत्त्व उघडा. वीज, पाणी, कचरा, सगळं उलाढालीच्या रुपयामागे किती, हे मागच्या वर्षीच्या आकड्यासह असतं. रुपये नसतात, पण किलो आणि किलोलिटर असतात, आणि मला विचाराल तर किलो रुपयांपेक्षा कमी खोटं बोलतात. एकाच उद्योगातल्या कंपन्या घ्या. सिमेंटची आयटीशी तुलना करू नका, तुमच्या ४० मध्ये नक्की केली असणार.

आणि एक कागद तुमच्या स्वतःच्या ऑफिसात असेल, भोसरीतच. फॉर्म फाइव्ह. ज्याला प्रदूषण मंडळाचं कन्सेंट (परवानगी) लागतं त्या प्रत्येकाने ३० सप्टेंबरपर्यंत पर्यावरण विवरणपत्र भरायचं असतं. १९९२मध्ये आलं तेव्हा त्याचं नाव 'ऑडिट रिपोर्ट' होतं, वर्षभरात 'स्टेटमेंट' झालं. ऑडिट शब्द जड गेला असावा. त्यात भाग बी मध्ये विचारलंय, एका नगामागे पाणी किती, कच्चा माल किती, मागच्या वर्षी आणि या वर्षी. आणि भाग जी मध्ये तर सरळ तुमच्या प्रोजेक्टचा विषय आहे: प्रदूषण रोखायच्या उपायांचा नैसर्गिक साधनांच्या बचतीवर आणि उत्पादन खर्चावर काय परिणाम झाला. तीस वर्षांहून जास्त काळ सरकार दर सप्टेंबरला प्रत्येक कारखान्याला हा प्रश्न विचारतंय. उत्तर काय दिलं जातं ते बघून या आणि इथे लिहा. मी आमच्या कंपनीत पीव्हीसी शीटवाल्या वर्षी तिथे चार ओळी लिहिल्या होत्या, तर कन्सल्टंटचा फोन आला, "साहेब, इथे एवढं कोणी लिहीत नाही, शंका येते."

जाता जाता खाडीकाठला. दादा, माझ्या त्या २० लिटरमधलं फिल्टर प्रेसला जे सापडत नव्हतं ते कुठे जात होतं, हे मी त्या वर्षांत कधी विचारलं नाही. सीएसआर कमिटीच्या मीटिंगला मात्र दर वेळी गेलो. शाळेची स्वच्छतागृहं बांधली आम्ही, फीत कापली. पाण्याचं कनेक्शन बजेटमध्ये धरलं नव्हतं. पुढच्या वर्षी गेलो तर आत बाकं रचून ठेवली होती.

बिनपाण्याचा_हौद

माझं नाव कुठून आलं ते आता कळलं का?

मृणाल_भोसरी

आज जेवणाच्या सुट्टीत फाइल काढली. आमच्याकडे फॉस्फेटिंग आणि पावडर कोटिंग आहे, त्यामुळे कन्सेंट आहे आणि फॉर्म फाइव्हही आहे. चार वर्षांच्या प्रती सापडल्या.

भाग बी: पाण्याचा आकडा चारही वर्षं तोच, दशांशापर्यंत. मधे लॉकडाउन होऊन गेला तरी तोच.

भाग जी: चारही वर्षं 'नील'. २०२०-२१ ला 'नील'च्या ऐवजी 'नीळ' टाइप झालंय आणि पुढच्या दोन वर्षांत तसंच कॉपी झालंय.

मालकांना दाखवलं. ते हसतील असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि विचारलं, "गेल्या वर्षी फॉस्फेटचं केमिकल किती किलो घेतलं आपण?" मी टॅली उघडली. म्हटलं, "किलोत नाहीये सर, एंट्री रुपयांत मारलीये." ते म्हणाले, "मग बिलं काढ."

बिलं काढतेय. एकूण ६३ आहेत.